वीस औट सत्तर

खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात थांबवून कॉफीला बोलावलं, तेव्हा आम्हाला डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. शनिवारी, 'हाल त्रे' वाजता. 'हाल' म्हणजे अर्धा आणि 'त्रे' म्हणजे तीन, एवढं वर्गात शिकवून झालं होतं. मी मनातल्या मनात जुळवलं, साडेतीन. शनिवारी बरोबर साडेतीनला बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत वीस पायऱ्या आहेत, त्या मी वाक्यं घोकत उतरले होते.

आत टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं. दोन कप, दालचिनीचे गोल पाव, आणि एक मेणबत्ती जळून निम्मी झालेली. त्या मेणबत्तीकडे पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. आजी काही बोलल्या नाहीत. कॉफी पुन्हा गरम करून आणली, लाडू खाल्ला, त्यात काय काय घातलंय ते विचारलं. निघताना मात्र मला भिंतीवरच्या घड्याळापाशी नेलं आणि हातानं काटे फिरवून दाखवले. मोठा काटा सहावर, लहान काटा दोन आणि तीनच्या मधोमध. 'हाल त्रे.' अडीच. म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला.

ऐंशी ओलांडलेल्या बाईला मी तासभर ताटकळत ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, 'तक फॉ सिस्त'. गेल्या वेळेबद्दल आभार. मला वाटलं, उशिराची आठवण करून देताहेत आणि माझा चेहरा उतरला. नंतर कळलं की इथली ती रीतच आहे. कुणाकडे जाऊन आलं किंवा कुणी आपल्याकडे येऊन गेलं की पुढच्या भेटीचं पहिलं वाक्य हेच. मागच्या भेटीचा धागा हातात घेऊन मगच पुढचं बोलायचं. डॅनिशमधली मला सर्वांत आवडलेली ही पहिली गोष्ट.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते घड्याळ. तिसरा अर्धा म्हणजे अडीच. हे कुठेतरी आधी ऐकलंय, असं राहून राहून वाटत होतं.

माझे आजोबा कराडच्या पेठेत गुळाच्या आडत दुकानात दिवाणजी होते. हिशोब तोंडी. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे होते आणि ते त्यांना शेवटपर्यंत पाठ होते. संध्याकाळी शुभंकरोति झालं की आम्ही नातवंडं ओसरीवर ओळीत बसायचो आणि ते म्हणवून घ्यायचे. 'एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा...' औट म्हणजे साडेतीन हे तेव्हा नुसतं पाठ केलं. औट घटकेचं राज्य म्हणजे साडेतीन घटकांचं, म्हणून क्षणभंगुर. ज्ञानदेवांच्या ओवीत माणसाचा देह औट हातांचा असतो तो त्याच्याच हाताने साडेतीन हात भरतो म्हणून. तीन आणि अर्धा यांच्यात 'औट' कुठून आला, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

ते ऑर्हूसमध्ये सुचलं. व्युत्पत्ती शोधली, तेव्हा त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. अडीच आला आहे संस्कृत 'अर्धतृतीय' वरून. अर्धा तिसरा. म्हणजे दोन पूर्ण झालेत आणि तिसरा अर्धा आहे. औट आला आहे 'अर्धचतुर्थ' वरून. अर्धा चौथा, म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. दीड आहे 'द्व्यर्ध', त्यातही दुसऱ्याचा अर्धाच. आणि डॅनिशमध्ये दीडला आजही 'हालएनन' म्हणतात. शब्दशः अर्धा दुसरा. जुन्या डॅनिशमध्ये अडीचला अर्धा तिसरा आणि साडेतीनला अर्धा चौथा असे शब्द होते. आज ते बोलण्यातून गेले आहेत, पण घड्याळात राहिलेत. म्हणजे आजींनी मला 'अर्धतृतीय' वाजता बोलावलं होतं. मी सातशे-आठशे शब्दांच्या डॅनिशवर विसंबून साडेतीनला गेले आणि माझ्या स्वतःच्या भाषेत तोच शब्द जन्मभर वापरत होते.

आपण पुढे 'साडे' आणला, 'सार्ध' वरून, म्हणजे अर्ध्यासह. साडेतीन, साडेचार, हे बेरजेचं मोजणं. दीड आणि अडीच तेवढे जुन्या पद्धतीचे मागे राहिले, औट पाढ्यांत आणि म्हणींत जाऊन बसला. डॅनिशनंही तेच केलं. फक्त टाकलेलं वेगळं आणि राखलेलं वेगळं.

डॅनिश शिकणाऱ्याला सर्वांत आधी छळतात ते आकडे, आणि त्यांच्याबद्दल सगळे तक्रार करतात. वीस म्हणजे 'त्यूवे'. साठ म्हणजे 'त्रेस', ते मूळच्या 'त्रेसिन्सत्यूवे'चं आखडलेलं रूप आहे. त्रे म्हणजे तीन, 'सिने' म्हणजे वेळा, त्यूवे म्हणजे वीस. तीन वेळा वीस. ऐंशी म्हणजे 'फिअर्स', चार वेळा वीस. इथवर मला काही नवं नव्हतं. माझी आजी गोवऱ्या इशांत मोजायची. दोन इसा, तीन इसा, पाच इसा शंभर. आपल्याकडे जुन्या बायका अजून अशा मोजतात.

मग पन्नास. 'हाल्त्रेस'. पूर्ण शब्द 'हाल्त्रेसिन्सत्यूवे', अर्धा तिसरा वेळा वीस. अडीच वेळा वीस. सत्तर 'हाल्फ्येर्स', अर्धा चौथा वेळा वीस. नव्वद 'हाल्फेम्स', अर्धा पाचवा वेळा वीस. (चाळीस या हिशोबात बसत नाही. तो 'फ्योर', चार दहांचा, आणि तो तसाच पाठ करावा लागतो.)

वर्गात बाईंनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या युक्रेनच्या मुलीनं कपाळावर हात मारला. मी वहीत लिहीत होते आणि लिहिता लिहिता आजोबांचा आवाज ऐकू आला. औटकीची शेवटची ओळ. वीस औट सत्तर. शब्दाला शब्द लावून बघा. वीस, औट. त्यूवे, हाल्फ्येर्स. डॅनिशमध्ये सत्तर हा आकडाच नाही, तो आजोबांच्या पाढ्यातली एक ओळ आहे, आणि कोपनहेगनच्या भाजीवालीपासून राजापर्यंत सगळे ती दिवसातून दहादा म्हणतात. पन्नास म्हणताना अडीचकीची शेवटची ओळ म्हणतात. वर्गात मला रडू आलं. बाईंना वाटलं, मला आकडे जड जाताहेत. त्यांना सांगण्याइतकी डॅनिश माझ्याकडे नव्हती.

आणखी एक सोय. डॅनिशमध्ये एकवीस म्हणताना आधी एक येतो मग वीस, 'एनॉत्यूवे'. आपलंही एकवीस, बावीस तसंच. ब्याऐंशी म्हणजे 'तोऑफिअर्स', दोन आणि चार इसा. इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये वाढलेल्यांना आकडा उलटा लिहावा लागतो, आपल्याला नाही. इथले दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असतात आणि ते दोन दोनच्या जोड्यांनी सांगतात. चौऱ्याहत्तर, छप्पन्न, ब्याण्णव, पासष्ट, असे. ते पहिल्या ऐकण्यात टिपून घेता आले, त्या दिवशी मी घरी येऊन आईला फोन करून सांगितलं.

लिहिलेली डॅनिश वाचणं फारसं अवघड नाही. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही. मी, तू, तो, आम्ही, ते, सगळ्यांना एकच रूप. लिंगं दोनच, तीही नियमाशिवाय. घोकावी लागतात. पण टेबल ते, खुर्ची ती आणि पंखा तो म्हणत वाढलेल्या माणसाला त्याचं काय! 'ते घर' म्हणताना 'ते' शब्दाच्या मागे चिकटतं. 'हुस' म्हणजे घर, 'हुसे' म्हणजे ते घर. आपले विभक्तिप्रत्ययही मागेच लागतात, घरात, घराला, घरापाशी. शब्दाच्या शेपटीकडे कान देण्याची आपल्याला सवय असते.

आणि नेमकी शेपटीच डॅनिश माणूस गिळतो.

ही भाषा लिहिलेली वेगळी आणि बोललेली वेगळी. 'सेल्फ्योल्गेली' असं लिहितात, अर्थ 'अर्थातच', आणि म्हणताना उरतं 'सेफ्योली'. ते काय आहे, या तीन शब्दांच्या प्रश्नाचा 'व्हॅएदे' असा एक उसासा होतो. पहिलं वर्ष मी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून शेजारच्यांचं बोलणं ऐकायचे आणि एकही शब्द कुठे सुरू होऊन कुठे संपतो ते कळायचं नाही. या शब्दांचं काय झालं, ते स्वीडिश शेजारी ठेवलं की दिसतं. रस्त्याला स्वीडिशमध्ये 'गाता'. डॅनिशमध्ये त्या 'त'चा आधी 'द' झाला, मग 'द' सुद्धा विरघळला. केकला तिकडे 'काका', इकडे लिहिताना 'कागे' आणि बोलताना 'कॅये'. दोन स्वरांच्या मधे सापडलेलं व्यंजन झिजत झिजत नाहीसं होतं.

याची तक्रार करायला निदान मराठी माणसानं तरी जाऊ नये. संस्कृत शब्दांचं महाराष्ट्री प्राकृतानं हेच केलं होतं. दोन स्वरांच्या मधल्या क, ग, च, ज, त, द यांना तिनं गाळून टाकलं. लोकचं लोअ, सागरचं साअर. नगरचं नअर झालं आणि त्याचं नेर होऊन संगमनेर, पारनेर, अमळनेर अशी गावं नकाशावर बसली. एवढा मोठा अर्धतृतीय झिजून अडीच झाला, तो कुणाच्या तरी घाईच्या, रोजच्या, बाजारातल्या बोलण्यातच. 'काय करतो आहेस' चं 'काय करतोयस' आपण रोज करतो. हे ध्यानात आल्यावर मी बसमधल्या बोलण्यावर रागावणं सोडलं आणि कुठली व्यंजनं झिजतात, ती यादी करू लागले. ऐकू येण्याची सुरुवात तिथून झाली.

बोलणं त्याहून अवघड. इथला एक 'द' आहे, ज्याला ते मऊ द म्हणतात. परक्या कानाला तो 'ल' वाटतो. लाल फळांच्या खिरीला साय घालून जे खातात त्याचं नाव, 'रौग्रौ मे फ्लौए' असं काहीसं, प्रत्येक परक्याला म्हणायला लावतात, कारण त्यात तो मऊ द चार वेळा येतो. आपल्याकडे परप्रांतीयाला 'टिळक' किंवा 'बाळ' म्हणायला सांगावं, तसं. मी सहा महिने तो ल म्हणून म्हणत राहिले. मग बाईंनी आरसा आणला. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवायचं आणि तिथंच ठेवायचं. वर कुठेही लागू द्यायचं नाही, मधली जीभ किंचित उचलायची, बस. तेव्हा मला आपली वर्णमाला आठवली. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य. जीभ कुठे टेकते त्यावरून आपण अक्षरांची घरं ठरवली आहेत. माझ्या जिभेला टेकायची सवय, आणि इथे टेकायचंच नाही. कणीक मळताना, भांडी घासताना, जीभ खाली ठेवून मी त्या खिरीचं नाव घेत राहिले.

दुसरा गळ्यातला झटका, त्याला 'स्त्यौ' म्हणतात. स्वर म्हणता म्हणता गळा क्षणभर आवळायचा. भरलेली घागर कमरेवर घेताना श्वास जसा एक पळ अडकतो, तसा. 'हुन' म्हणजे ती. त्याच 'हुन'ला झटका दिला की कुत्रा. 'मोर' म्हणजे आई, झटक्यासह खून. तेव्हा हे शिकणं ऐच्छिक नाही. गंमत अशी की दक्षिणेकडच्या लोलान, फाल्स्तर अशा बेटांवर आणि पूर्वेकडच्या बोर्नहोल्मवर हा झटका नाही. तिथली माणसं गात बोलल्यासारखी बोलतात.

स्वरांबद्दल तर काय सांगू. स्वरांची अक्षरं नऊ, आवाज विसाहून जास्त. रोमन ए-ई एकमेकांना चिकटवलेलं एक अक्षर, 'ओ'वर तिरकी रेघ मारलेलं दुसरं, आणि ए वर बारीक वर्तुळ असलेलं तिसरं. हे तिसरं १९४८ च्या सुधारणेत अधिकृत झालं. त्याआधी तो 'ऑ' दोन ए जोडून लिहीत. त्याच सुधारणेत नामांची पहिली अक्षरं मोठी लिहिणं बंद झालं. ऑर्हूसनंही आपलं नाव वर्तुळवाल्या अक्षरानं लिहायला घेतलं, आणि २०११ पासून पुन्हा जुन्या दोन ए वर परतलं. या तीन अक्षरांतलं दुसरं अक्षर एकटं लिहिलं की त्याचा अर्थ बेट. तिसरं एकटं लिहिलं की ओढा. पश्चिम यूलंडच्या बोलीत तर 'मी ओढ्यातल्या बेटावर आहे' असं सगळं वाक्य एकाही व्यंजनाशिवाय म्हणतात. आ ऍ ऊ ऑ ऍ ओ ई ऍ ऑ. महाराष्ट्री प्राकृताच्या कवींनी कान टवकारले असते.

बंदरावरच्या 'डॉक १' वाचनालयात मी अभ्यासाला बसायचे. तिथे छतापासून एक प्रचंड नळीसारखी घंटा टांगलेली आहे. शहराच्या मोठ्या रुग्णालयात मूल जन्मलं की आईवडील तिकडे एक बटण दाबतात आणि इकडे ही घंटा वाजते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी दचकले. शेजारच्या माणसानं पुस्तकातून डोकं वर न काढता हसून सांगितलं, बाळ आलं. त्या दिवशी माझ्यापुढे एक लेख होता. डॉर्थे ब्लेसेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं होतं की सुरुवातीच्या महिन्यांत डॅनिश बाळांना इतर अनेक भाषांतल्या बाळांपेक्षा कमी शब्द कळतात. कारण बहुधा भाषेच्या आवाजातच आहे. व्यंजनं विरघळलेली, स्वरांना स्वर जोडलेले, शब्दाची कड बाळाला सापडत नाही. पुढे ती मुलं बरोबरीला येतात. घंटेचा आवाज अजून हवेत होता आणि मी त्या नुकत्याच आलेल्या बाळाबद्दल विचार करत होते. त्यालाही बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ऐकावं लागणार होतं. दोन वर्षांनी माझी लेक झाली तेव्हा नवऱ्यानं ते बटण दाबलं. वाचनालयात तेव्हा कोण बसलं होतं कुणास ठाऊक.

नात्यांच्या शब्दांनी मला धीर दिला. इंग्रजीत मामा, काका, आत्या, मावशी सगळे दोन शब्दांत कोंबतात. डॅनिशमध्ये आईकडचे आणि वडिलांकडचे वेगळे. वडिलांचे वडील 'फार्फार', आईची आई 'मोर्मोर'. आईचा भाऊ 'मोर्ब्रोर', वडिलांचा भाऊ 'फार्ब्रोर'. वडिलांची बहीण 'फास्ता', आणि आईची बहीण 'मोस्ता'. 'मोर' आणि 'स्योस्तर' मिळून मोस्ता. आई अधिक बहीण. मावशी कुठून आली? 'मातृष्वसा' वरून. आई अधिक बहीण. तीच जोडणी, तसाच मधला भाग गिळलेला. माझ्या लेकीला तीन मावश्या आहेत आणि बालवाडीत तिनं त्यांची चित्रं काढून खाली मोस्ता, मोस्ता, मोस्ता लिहून आणलं, तेव्हा तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. चोवीस तासांच्या अख्ख्या काळालाही इथे एकच शब्द आहे, 'डॉयन'. आपला अहोरात्र. आणि जेवण झालं की पोर पानावरून उठताना आईला 'तक फॉ मॅ' म्हणतं, जेवणाबद्दल आभार. अन्नदाता सुखी भव म्हणणारे माझे आजोबा इथे अवघडले नसते.

अवघडले ते मीच, एका शब्दापाशी. 'दू', म्हणजे तू. आदरार्थी 'दी' होतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी लोक परक्याला, शिक्षकांना, वडीलधाऱ्यांना तेच म्हणायचे. १९७० च्या दशकात ते झपाट्यानं मागे पडलं, आणि आता राजाराणीशी बोलतानाच काय ते निघतं. डॉक्टर दू, मुलीच्या शाळेचे मुख्याध्यापक दू, खालच्या आजी दू, तेही पहिल्या नावानं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला नावानं हाक मारून 'तुला कॉफी देऊ का' विचारणं! वाक्य तोंडातून निघायचं आणि मान आपोआप खाली जायची. मराठीत आदर क्रियापदात असतो, सर्वनामात असतो, 'अहो'मध्ये असतो. इथे तो कुठे असतो, हे कळायला मला दोन हिवाळे लागले. तो वेळेवर जाण्यात असतो. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबण्यात असतो. कॉफी निवली तरी काही न बोलण्यात असतो. आजींना मी एकदा सांगितलं की मनात मी तुम्हाला मराठीतला एक शब्द म्हणते. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. 'आजी' त्यांना छान जमतो, 'ज' अगदी आपल्यासारखा नसला तरी. आता माझी लेक त्यांना तेच म्हणते.

या दोन भाषांच्या मधे एक माणूस उभा आहे, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रास्मुस रास्क, फ्यून बेटावरच्या खेड्यातला, जन्म १७८७. जर्मानिक भाषांतली व्यंजनं लॅटिन आणि ग्रीकच्या तुलनेत नियमानं बदलली आहेत, हे त्यानं १८१४ मध्ये निबंधात मांडलं, १८१८ मध्ये तो छापून आला. याकोब ग्रिम यांच्या नावानं जो नियम पुढे शिकवला गेला, त्याच्या आधी. मग तो निघाला. सेंट पीटर्सबर्ग, तिफ्लिस, तेहरान, शिराझ असं करत १८२० मध्ये मुंबईत उतरला. पारशी दस्तुरांकडे अवेस्ता शिकला, जुनी हस्तलिखितं मिळवली, पुढे सिंहलद्वीपापर्यंत गेला आणि १८२३ मध्ये कोपनहेगनला परतला. ती हस्तलिखितं तिथल्या राजग्रंथालयात पोचली. नऊ वर्षांत, पंचेचाळिशीही न पाहता तो गेला. नोरेब्रो भागातल्या असिस्तेन्स दफनभूमीत त्याचं थडगं आहे. हान्स क्रिस्तियान आन्दरसनही तिथेच आहे. आम्ही गेलो तेव्हा लोक झाडांखाली पहुडले होते, कुणी धावत होतं. रास्कच्या दगडावर इतर लिप्यांबरोबर संस्कृत ओळही कोरलेली आहे. मी तिच्यावरून बोट फिरवलं. बर्फ आणि पावसानं अक्षरं बोथटली आहेत, पण वाचता येतात. दोनशे वर्षांपूर्वी हा माणूस मुंबईच्या धक्क्यावर उतरून, जीभ कुठे टेकवू असं विचारत कुणा दस्तुरासमोर बसला असेल.

त्याच्या आधीचा एक धागा आहे. १८०५ साली विल्यम केरी यांचं मराठीचं व्याकरण छापलं गेलं, ते बंगालातल्या सेरामपूरच्या छापखान्यात. सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, नाव फ्रेडरिक्सनगर. कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, डॅनिश गव्हर्नरानं तो दिला. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं केरी मराठी शिकत होते आणि वर निशाण डॅनिश होतं. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशा काढायला लावला.

परीक्षा झाली. नागरिकत्वासाठी जी लागते ती, तिसऱ्या पातळीची. इथे गुण उणे ३ पासून १२ पर्यंत असतात आणि मधे ००, ०२, ४, ७, १० एवढेच थांबे. मला ७ मिळाले. परीक्षेपेक्षा कठीण होतं ते दुकानात टिकून राहणं. माझा उच्चार जरा घसरला की समोरचा माणूस सौजन्यानं इंग्रजीत शिरायचा. सहा दशलक्षांच्या आसपास माणसांच्या या भाषेला परक्यांच्या तोंडून स्वतःला ऐकण्याची सवय कमी आहे. मी एक वाक्य पाठ केलं, 'आपण डॅनिशमध्ये बोललो तरी चालेल', आणि ते हसून म्हणायचं. बहुतेक जण थांबायचे. मग हळू बोलायचे. बेकरीतली बाई तर राईच्या पावाचं नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घ्यायची आणि नीट आलं की पाव कागदात गुंडाळायची.

गेल्या महिन्यात आजी नव्वद वर्षांच्या झाल्या. चिठ्ठी दारातून आत टाकली होती. शनिवार, 'हाल त्रे'. आम्ही दोन वाजून पंचवीस मिनिटांनी वीस पायऱ्या उतरलो. टेबलभर कागदी लाल-पांढरी निशाणं, थरांचा केक, आणि लोलानहून आलेले त्यांचे भाऊ, गळ्यात झटका न देता गात बोलणारे. पन्नासावा, सत्तरावा, नव्वदावा म्हणताना डॅनिशमध्ये अजून सगळाच्या सगळा शब्द उच्चारावा लागतो. तो गिळता येत नाही. भावानं कप उचलून बहिणीचा 'हाल्फेमसिन्सत्यूवेने' वाढदिवस असं म्हटलं, तेव्हा माझ्या लेकीनं माझी बाही ओढली. अर्धा पाचवा वेळा वीस ना? मग आजोबांच्या पाढ्यात हे आहे का?

आजोबांचे पाढे औटकीवर थांबायचे. तेवढं तिला सांगितलं.

निघताना आजींनी लाडवांचा डबा रिकामा परत न देता त्यात केकचा तुकडा ठेवला. लेक जिन्यात पहिल्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, मग आपण करू या. आम्ही चढू लागलो. एक साडेचार साडेचार. दोन साडेचार नऊ. तीन साडेचार साडेतेरा. खाली आजींचं दार उघडंच होतं. अकराव्या पायरीवर ती अडखळली, बोटं मोजली, साडेएकोणपन्नास म्हणाली आणि पुढे निघाली. विसावी पायरी आमच्या दाराशी आहे.